उपटायचं राहिलेलं रोप

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सकाळी अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात. आमची संत्र्याची नर्सरी शहराबाहेर, तिथे कुणाचं घर बुडालं नाही, पण सखल बाजूच्या तीन वाफ्यांत पाणी साचलं ते चौथ्या दिवशी उतरलं. त्यात जंबेरीची, म्हणजे खडबडीत सालीच्या एका लिंबाची, रोपं होती, पेन्सिलीएवढी जाड झालेली, महिनाभरात डोळे भरायला, म्हणजे त्यांवर संत्र्याचं कलम बांधायला, घेणार होतो.

बऱ्याच लोकांना वाटतं संत्र्याची बी लावली की संत्र्याचं झाड. तसं नाही, खाली जंबेरीचा खुंट असतो आणि वर संत्र्याचा डोळा बांधलेला. डोळा म्हणजे ज्या झाडाचा घेतला त्याची नक्कलच, पण खुंट बियापासून करतो, आणि तरीही वाफाभर रोपं एकसारखी येतात, कारण या बियांची गंमतच वेगळी आहे. रात्रभर भिजवलेली बी घ्यायची, वरचं साल आणि आतली पातळ चॉकलेटी पापुद्री काढायची, ब्लेडच्या टोकानं हळूच उकलायचं. आत एक गर्भ नाही, दोन-तीन, कधी जास्त, एकमेकांना दाबून वेडेवाकडे बसलेले. त्यातला फार तर एक परागकणातून झालेला, म्हणजे आईबाप दोघांचा, बाकीचे आईच्याच पेशींतून फुटलेले, हुबेहूब आई. लेव्हेनहुकनं १७१९ मध्ये हे पाहून ठेवलंय, आणि आजही मी नवीन पोरांना उकलून दाखवतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. परागीभवन साधारण लागतंच, कारण गर्भांना पोसणारा अन्नसाठा त्यातून तयार होतो. म्हणजे नकलासुद्धा लग्नाच्या जेवणावरच वाढतात. आणि या गर्दीत बहुतेक वेळा तो दोघांचा गर्भच मागे पडतो, नकलांखाली दबून जातो.

जो तगतो तो वाफ्यात ओळखू येतो. पानं अरुंद किंवा फार गोल, देठाची पाती वेगळी, उंची कमी नाहीतर एकदम ताडमाड. पान चुरगळून वास घेतला तरी फरक कळतो. अशी सगळी रोपं आम्ही उपटतो, नाहीतर शेतकऱ्याच्या बागेत सात वर्षांनी एक झाड डेरेदार आणि शेजारचं खुरटलेलं दिसतं. रस्त्याच्या कडेला कलमं विकणारे बरेच जण ही निवड करतच नाहीत, रोप मोजून पैसा करतात, आणि शेतकरीही दहा रुपये स्वस्त मिळालं की तिकडेच जातो, याचा मला मनापासून राग येतो.

त्या वर्षी जुलैमध्ये निवड चालू असताना एका मावशीनं मला विचारलं होतं, "साहेब, हे रोप तं त्याच बियाचं हाय ना, मंग काहून उपटता?" मी घाईत होतो, उपटा म्हणालो. त्यानंतर तिच्या घरी लग्न निघालं, ती सुट्टीवर गेली आणि तिच्याकडच्या वाफ्यातली निवड अर्धवट राहिली. ते कळल्यावर मी तिला सगळ्यांसमोर बोललो.

ऑक्टोबरात त्याच वाफ्यात, पाणी साचलेल्या तिघांपैकी एकात, रोपं पिवळी पडायला लागली. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटांत मोज्यासारखी निघून यायची आणि आत फक्त दोरा उरायचा. फायटोप्थोरा, साचलेल्या पाण्यात पसरणारी मूळकूज. औषधं ओतली, चर खोदून पाणी काढलं, पण एकसारखी रोपं एकसारखीच गेली, जवळजवळ अख्खा वाफा. बसलेल्या वाफ्यात दोन रोपं हिरवीगार उभी होती, दोन्ही उपटायची राहिलेली. एकाची मुळं उकरून पाहिली, पांढरी, साल घट्ट.

यावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. राहून गेलेली बाकीची वेगळी रोपं मेलीच की. कदाचित या दोघांखाली माती थोडी उंच असेल. पण माझं डोकं तिथेच अडकलंय. जमलेलं झाड बदलायचं कशाला, म्हणून नकला, एरवी ते बरोबरच आहे. पण रोगाला एकाची कुलूपकिल्ली सापडली की सगळ्यांची सापडते. ट्रिस्टेझा रोगानं ब्राझील-अर्जेंटिनात आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडं मेली ती एकाच खुंटामुळे. झाड प्रत्येक बीत दोन्ही बाजूंनी तयारी ठेवतं, आणि त्यातली एक बाजू मी वीस वर्षं उपटून बांधावर फेकतोय. शेतकऱ्याला एकसारखी बाग हवी म्हणून उद्याही फेकणार, पण आता आधी मुळं बघतो आणि चांगली वाटली तर पिशवीत लावतो.

ती मावशी कामावर आली तेव्हा तिला हे दोन्ही दाखवले आणि चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं ना."

दोनपैकी एक मी बांधावर लावलंय, कंबरेच्या वर गेलंय, काटे बोटाएवढे. फुलायला अजून काही वर्षं लागतील. खरी अडचण फळ धरल्यावरच कळेल, कारण याच्या बीत पपनसासारखा एकच गर्भ निघाला तर प्रत्येक रोप पुन्हा वेगळं येईल, खुंट म्हणून बियांपासून वाढवताच येणार नाही, फाटे लावत बसावं लागेल. पहिलं फळ आलं की तिथेच उभ्यानं बी उकलणार आहे.