तुम्ही विचारलंत म्हणून: मटकी का काढली?

आमच्याकडे कुणीही आलं की आमच्या झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून आधी विचारतं, "पिल्लं झाली का?" मग मान वाकडी करून वरचा कोपरा बघितला जातो आणि दुसरा प्रश्न येतो, "अगं मटकी कुठाय? काढलीस की काय?" मटकी म्हणजे खायची नव्हे, पक्ष्यांना घरट्यासाठी टांगतात ते मातीचं छोटं मडकं. हो म्हटलं की "अरेरे, बिचारे." सासूबाई, शेजारच्या काकू, नणंदेची मुलं, आणि ज्यांना फुकट जोडी हवीय ते सगळे, सगळ्यांचं हेच. काकूंनी तर परवा सरळ तोंडावर सांगितलं की कुणाचं मांडलेलं घर असं मोडू नये गं, पाप लागतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, यापुढे कुणी विचारलं की हेच हातात देणार.

पहिली गोष्ट, मटकी काढली म्हणजे मला पक्ष्यांचं काही पडलेलं नाही असं कुणी समजू नका. सकाळी सहाला पिंजऱ्यावरची चादर मी काढते, घरातलं दुसरं कुणी नाही. चादर काढली की आधी काही करायचं नाही, नुसतं बघायचं, कोण कुठल्या दांडीवर बसलंय, कोण फुगून बसलंय, खालच्या पेपरवर शी कशी पडलीय. हे पक्षी आजार लपवतात, माणूस समोर आला की उसनं अवसान आणून टुणटुण उड्या मारतात, त्यामुळे खरं काय ते त्या पहिल्या मिनिटातच कळतं. मग दाण्याची वाटी. वाटी भरलेली दिसते, पण ती भरलेली नसते हे नवीन माणसाला दहादा सांगावं लागतं, फिंच दाणा सोलून खातात आणि फोलपट तिथंच टाकतात, वर फोलपटांचा थर आणि खाली ठणठणाट. फुंकर मारून बघायचं, खाली राळं उरलंय का. दुकानात त्याला कांगणी म्हणतात, मी वाण्याकडून राळंच आणते आणि पावसाळ्यात थोडं थोडंच, कारण आमच्या सांगलीत पावसाळ्यात डब्यातलं राळं कधी कुबट होतं कळत नाही आणि बुरशी आलेलं धान्य या जिवांना झेपत नाही. पाणी रोज दोनदा बदलते, उन्हाळ्यात जास्त वेळा, पसरट वाडग्यात आंघोळीचं पाणी तासभर ठेवून काढून घेते नाहीतर तेच घाण पाणी पितात. कोथिंबीर नाहीतर मेथी तीन पाण्यांनी धुऊन. तारेला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी अडकवलेला असतो. कोवळ्या उन्हात गॅलरीत, अर्ध्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकून म्हणजे नको असेल तर सावलीत सरकता येईल, आणि काचेआडून नाही, काचेतून उजेड येतो पण ड जीवनसत्त्वासाठी उन्हातलं जे लागतं ते काच अडवते. पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. आणि आमच्याकडे नॉनस्टिक तवा नाही, तो जास्त तापला तर त्याचा धूर आपल्याला जाणवायच्या आधी पक्षी मरतात. तर हे सगळं करणारी बाई निर्दय आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा.

आता मटकी. आपल्याकडे झेब्रा फिंच घ्यायला गेलं की दुकानदार पिंजरा, दोन वाट्या आणि मटकी असा सेटच बांधून देतो, मटकी नसली तर काहीतरी राहिलं असं वाटतं. पक्षी आहेत म्हणजे पिल्लं व्हायचीच. पण हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानातले. तिथं पावसाचा भरवसा नाही, पाऊस पडला की गवताला बी धरतं, तेवढ्यात हे अंडी घालून पिल्लं मोठी करून मोकळे होतात आणि पुढचा पाऊस कधी येईल देव जाणे. म्हणजे यांच्या अंगात ठरलेला मोसमच नाही, दाणापाणी दिसलं की लागलीच संसार. आणि माझ्या गॅलरीत काय आहे? रोज भरलेली वाटी, रोज स्वच्छ पाणी, रोज हिरवा पाला, अंगावर घ्यायला पाणी. त्यांच्या हिशोबानं माझ्या घरी बाराही महिने पाऊसच पडतोय. हे थांबवणारं तिथं जे असतं, दुष्काळ, ते मी कधीच येऊ देत नाही. मग मादी अंड्यांवर अंडी घालत राहते.

मादीचं वजन बारा-तेरा ग्रॅम, एक अंडं साधारण एक ग्रॅम, रोज एक, चार ते सहा अंडी. पाच धरली तरी पाच दिवसांत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अंगातून गेलं, कवचाचं कॅल्शियम वेगळंच, आणि ते राळ्यात फारसं नसतं. अंडी उबवायला बारा ते चौदा दिवस, त्यात नर-मादी दोघंही आळीपाळीनं बसतात, पुढे तीनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर, आणि ती पुरती स्वतःच्या चोचीनं खायला लागायच्या आधी आई परत मटकीत. शिवाय पिल्लं तीन महिन्यांची झाली की तीच अंडी घालायच्या तयारीत. तुम्ही जोडी मागता तेव्हा ती जोडी बहुतेक वेळा सख्खी भावंडंच असते हो, हे कुणी विचारतच नाही.

हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, सगळं वाचलेलं होतं. पण तेव्हाची मी वेगळी होते. पहिली पिल्लं झाली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, मटकीत टॉर्च मारून मोबाइलमध्ये फोटो काढायचे, उकडलेलं अंडं कुस्करून त्यात कवचाचा चुरा घालून द्यायचे, राळ्याला मोड आणायचे. त्या तेव्हाच्या मला आज मी म्हणते की बाई, तू प्रत्येक चमच्याबरोबर त्यांना अजून घाला अजून घाला असंच सांगत होतीस. ती म्हणते, घालत होतेच ना, मग आईला सकस नको द्यायला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. सकस खाऊ दिला की अंडी वाढतात, नाही दिला की अंडी तेवढीच आणि आई खंगते. जोपर्यंत मटकी टांगलेली आहे तोपर्यंत दोन्हीकडून मार तिलाच.

राखीचं सांगते. राखी म्हणजे आमची मादी, राखाडी रंगाची, चोच केशरी. तिचा नर बुवा, कारण गातो तो फक्त नरच आणि हा दिवसभर गायचा. डिसेंबर-जानेवारीत राखीचा लागोपाठ तिसरा की चौथा डाव चालू होता, आमच्याकडे पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. त्या दिवशी चादर काढली तर बुवा वर एकटा आणि राखी खाली ट्रेमध्ये कोपऱ्यात, पिसं फुगवून, पाय फाकवून, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर. हात घातला तर उडाली नाही. फिंचच्या अंगाला आपण हात लावू शकतोय म्हणजेच काहीतरी भयंकर आहे. पोट खाली टणक लागलं. अंडं अडकलं होतं.

रविवार होता. जनावरांच्या डॉक्टरांना फोन सुरू केले, एकानं उचललाच नाही, एकजण म्हणाले आम्ही कुत्री-मांजरंच बघतो, एक म्हणाले गाई-म्हशींचं काही असेल तर सांगा, आणि त्यात त्यांचं काय चुकलं, मलाच रडताना हसू आलं. शेवटी एका ओळखीच्यांच्या ओळखीनं परगावच्या एका बाई डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी शांतपणे सांगितलं, ऊब द्या, दमट ऊब, तीस-बत्तीस डिग्री, अंधार, घरात लिक्विड कॅल्शियम असेल तर चोचीच्या कडेला एक थेंब, आणि काहीही झालं तरी दाबू नका, अंडं आत फुटलं तर संपलं. माळ्यावरून जुना पिवळा बल्ब शोधला, बुटाच्या खोक्याला भोक पाडून बाहेरून लावला, आत मऊ फडकं, शेजारी गरम पाण्याचा वाडगा जाळीनं झाकून.

दुपारी एका पक्षीवाल्याचा फोन आला, नवऱ्यानं त्याला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला खोबरेल तेल लावा आणि अंगठ्यानं हळूच ढकला, मी कितीतरी माद्या अशा वाचवल्यात. झालं. नवरा म्हणतो नुसतं बघत बसायचं का, काहीतरी कर. मी म्हणते डॉक्टरांनी नको सांगितलंय. तो म्हणतो त्या डॉक्टरनं पक्षी पाहिलाय का, हा माणूस रोज हेच करतो. सासूबाई म्हणाल्या सोडवून टाका बिचारीला एकदाचं, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. खोक्याच्या फटीतून मी बघत होते, ती आता फडक्यावर आडवीच पडल्यासारखी दिसत होती, आणि खरं सांगते, तेलाची बाटली माझ्या हातात होती. झाकण उघडलेलं होतं. नाही दाबलं. धैर्य म्हणून नाही आणि अक्कल म्हणूनही नाही, बारा ग्रॅमच्या जिवावर अंगठा ठेवायचा म्हटल्यावर हातच चालेना. नवरा उठून बाहेर निघून गेला. बुवा गॅलरीतून सारखा हाका मारत होता आणि आतून काही उत्तर नव्हतं. दर थोड्या वेळानं थर्मामीटर बघायचा, बल्ब मागं-पुढं करायचा, एवढंच चाललं होतं.

रात्री उशिरा अंडं आलं. कवच कसलं, बोट लावलं तर दबेल असं पातळ, पिवळट. राखी त्याच्याकडे बघतही नव्हती. सकाळी तिनं चार दाणे खाल्ले. वाचली.

आता ऐका, कारण मटकी मी त्या दिवशी नाही काढली. तेव्हा वाटलं, तिनं एवढं भोगलं, आता आराम करेल. आठवडा झाला असेल नसेल, एका सकाळी बुवानं काथ्याचा दोरा चोचीत धरलेला आणि राखी मटकीच्या तोंडाशी बसून आत नीट लावून घेतेय. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं अशातला भाग नाही, पक्ष्याच्या चेहऱ्यावर काय दिसणार. पण ती परत जाणार होती, आणि मरेपर्यंत परत जात राहणार होती, एवढं मला कळलं. त्याच दुपारी तार सोडवून मटकी खाली घेतली. नवऱ्यानं विचारलं नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत. मटकी नाही, काथ्या नाही, ट्रेमधला पेपर जाळीखाली, नाहीतर त्याच्या पट्ट्या काढून बांधकाम सुरू. अंड्याचं खाणं फक्त पिसं झडतात तेव्हा. मोड आलेलं राळं बंद. संध्याकाळी सहाच्या आत चादर, उजेड दहा-बारा तासच, कारण दिवस मोठा मिळाला की हे परत सुरू होतात. हे सगळं रोज करायला मटकी बांधण्यापेक्षा जास्त कष्ट लागतात, हे काकूंना सांगून पटत नाही.

आणि तरी. घरटं नाही म्हणून अंडं थांबतंच असं नाही. सध्याची मादी दाण्याच्या वाटीत अंडं घालून मोकळी होते. ते उचलून फेकलं तर ती लगेच दुसरं घालते, म्हणून मी ते उकळून, गार करून परत ठेवते आणि ती त्यावर बसते, दोन-तीन आठवड्यांनी कंटाळून उठते. तेवढे दिवस ती नवीन घालत नाही. हे फसवणं आहे का? आहे. सासूबाई ते अंडं गॅसवर चढलेलं बघून एक शब्द बोलत नाहीत, तो न बोललेला शब्द मला ऐकू येतो. बुवा मटकी नसल्यावर राखीच्या मानेची पिसं उपटायला लागला होता, घरट्यात घालायला, तेव्हा थोडे दिवस दोघांना वेगळं ठेवावं लागलं आणि ते दोन पिंजऱ्यांतून एकमेकांना ओरडत राहिले. कुठली क्रूरता कमी याचं गणित मी अजून सोडवलेलं नाही. राखी पुढं दीडेक वर्ष जगली आणि मग वेगळ्याच कशानं तरी गेली, का ते कळलं नाही. एका भाचीनं लगेच विचारलं, मग मटकी काढून काय फायदा झाला मामी? मी म्हटलं दीड वर्ष. तिला ते कमी वाटलं. फिंच पाळलेले पाच-सात वर्षं जगतात हे तिला माहीत होतं, हुशार आहे.

आणि जे म्हणतात आम्हाला मुनिया आणून दे मग, त्या रंगवलेल्या मिळतात बाजारात, त्यांना एवढंच की मुनिया आपल्या इथली, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला पकडायला आणि विकायला बंदी आहे, आणि तो रंग पहिल्या पिसांबरोबर झडतो. ते माझ्याकडून होणार नाही.

जोडीसाठी तीन जणांनी नाव लावून ठेवलंय. लावू नका. मटकी परत बांधणार का, हेही विचारू नका, ती माळ्यावर आहे, फोडलेली नाही, आणि का फोडली नाही ते नवरा अधूनमधून विचारतो, त्यालाही मी काही सांगितलेलं नाही.