आमची वाटचाल : व्हेंटिलेटर निघाल्यानंतरचं काम

जळगावात हल्ली कोणीही उठतो आणि ‘होम आयसीयू’चा बोर्ड लावतो. एक फाउलर बेड (डोक्याची बाजू वर उचलता येणारा पलंग), एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेचं मशीन), बीपी बघायला एक पोरगा, झालं दुकान सुरू. आयसीयूतून घरी आलेल्या पेशंटला पुन्हा उभं करायचं काम आम्ही सुरू केलं तेव्हा भलेभले डॉक्टर विचारायचे, ‘पेशंट घरी गेला, आता तुम्ही काय करणार?’

काय करणार! बिल भरून माणूस घरी आणला की बरा झाला, असं घरच्यांना वाटतं. त्याला साधी कूस बदलता येत नसते. 2013 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू मोजला, तर पहिल्या दहा दिवसांत तो सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास आटलेला निघाला. तो पुन्हा भरायला महिने जातात, आणि ते महिने दवाखान्यात नाही, घरात जातात.

आमची पहिली पॅरलल बार, म्हणजे पेशंटने धरून चालायचे दोन समांतर दांडे, एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने बनवली. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. कंपनीची बार परवडत नव्हती. मिस्त्रींनी जीआय पाइप घेतला, उंची कमीजास्त करायला भोकं पाडून पिना बसवल्या आणि विचारलं, ‘पेशंट एका बाजूला झुकला तर?’ मी काही बोलायच्या आत त्यांनी तळाची पट्टी रुंद केलेली होती. पेशंटला उभं करताना कमरेला बांधायचा पट्टाही आम्ही खाटेच्या नवारीचाच शिवला. आजही आमच्या प्रत्येक पोराच्या बॅगेत तो असतो.

नाना आमचे जुने पेशंट. पारोळ्याकडचे, कापूसवाले. फवारणीत विषबाधा झाली आणि बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. दोन्ही बाजूंच्या हातापायांच्या सहा-सहा हालचालींची ताकद तपासून 60 पैकी गुण देतात. 48 च्या खाली आला की अशक्तपणा धरायचा. नानांचे 32 भरले. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं खेळण्यासारखं साधन) हातात दिला तर ओढायच्या ऐवजी जोरात फुंकला (निम्मे लोक फुंकतातच) आणि वर मलाच म्हणाले, मशीन खराब आहे. रात्री मात्र दचकून उठायचे. दवाखान्यात नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधलेले असत, त्याच्या अर्ध्यामुर्ध्या आठवणी डोक्यात होत्या. रस्त्यावर ट्रॅक्टर मागे घेताना वाजणारा, आयसीयूतल्या मशीनसारखा हॉर्न ऐकला तरी घाम फुटायचा. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. भगत येऊन गेला, नंतर आम्ही.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. फोन थांबत नव्हते. पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर मिळेल त्या भावाने बुक केले, बँकेचं कर्ज काढून. माल हातात आला तोवर लाट ओसरली होती. लोक भाड्याची मशीनं परत आणून ओट्यावर ठेवून जायचे, गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही आणि हप्ते सुरू झाले. तरी सांगतो, निर्णय बरोबरच होता. त्या एप्रिलमध्ये माणसाने दुसरं काय करायचं होतं?

त्याच वेळी आमच्याकडेच काम शिकलेल्या एका गृहस्थांनी वेगळी चूल मांडली. आमची चार पोरं पगार वाढवून नेली. एका दवाखान्यात तर डिस्चार्जच्या कागदाबरोबर त्यांचंच कार्ड मिळायला लागलं. दवाखान्याचं कमिशन किती ठरलं होतं ते आम्हाला माहीत आहे, कारण आधी ते आम्हाला विचारलं गेलं होतं. आम्ही नाही म्हणालो. ते मशीन देतात, माणूस देत नाहीत. मास्क कसा बसवायचा, हे त्यांचे ग्राहक आजही आम्हालाच फोन करून विचारतात. आम्ही सांगतो, फुकट.

दुकान बंद करायची बोलणी घरात चालली होती. नानांच्या कानावर गेलं. भाव वाढेल म्हणून घरात साठवलेला कापूस त्यांनी विकला आणि पैसे आणून टेबलावर ठेवले. चिठ्ठी नाही, व्याज नाही. पुढच्याच हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. भेटले की अजून ऐकवतात, ‘तुना मशीनस्नी मना कापूस खाई टाका.’ पैसे मी फेडले, पण हे ऐकणं काही फिटत नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आयसीयूतून आलेल्या माणसाला बाजेवर झोपवू नका. तो खोलात जातो, त्याला उठता येत नाही. पलंग असा हवा, की काठावर बसलं की तळवे जमिनीला टेकतील. नुसता साबुदाणा आणि मोसंबीचा रस पाजत बसू नका. डॉक्टरांची मनाई नसेल तर डाळ, अंडी द्या. दवाखान्यात घशात नळी घातलेली होती आणि आता पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आम्हाला नंतर. मे महिन्यात आपल्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कॉन्सन्ट्रेटरसोबत भरलेला सिलिंडर ठेवाच. आणि ‘आज राहू द्या, दमलेत’ म्हणून फिजिओला दारातून परत पाठवू नका. त्याचं पेट्रोल जातं.

सध्या चाळीसगाव बाजूला एक जागा रिकामी आहे. फिजिओथेरपी झालेली, स्कूटी चालवणारी मुलगी हवी. बायोडाटा पाठवू नका, प्रत्यक्ष या. नवारीचा पट्टा बांधून एक पेशंट उभा करून दाखवला की पगाराचं बोलू.