लाल बेल्टची गोष्ट

ट्रेनमध्ये फोनवर जपानी बायकांच्या प्रो-रेसलिंगच्या जुन्या मॅचेस बघते मी, अंधेरी ते चर्चगेट, आणि सगळ्यात जास्त जीव जडलाय तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए वर्ल्ड सिंगल टायटलवर, म्हणजे त्यातल्या चॅम्पियनच्या बेल्टवर. मूळ अमेरिकेतलं, रेसलर मिल्ड्रेड बर्कच्या संघटनेचं, पण १९७० मध्ये ऑल जपान विमेन्स या जपानी रेसलिंग कंपनीकडे आलं आणि मग तिकडचंच झालं. पुढे त्याला नुसतं 'लाल बेल्ट' म्हणायचे.

जॅकी साटो, जॅग्वार योकोटा, चिगुसा नागायो, सगळ्यांनी तो कमरेला बांधला. पण खरं सांगू, माझ्यासाठी बेल्ट म्हणजे बुल नाकानो. १९९० च्या जानेवारीत तिने जिंकला आणि जवळपास तीन वर्षं सोडलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आजा काँगबरोबर पिंजऱ्यातली मॅच झाली, तेव्हा बुल पिंजऱ्याच्या अगदी टोकावर चढली, हात जोडले आणि सरळ खाली आजावर लेगड्रॉप मारला, म्हणजे उडी मारून पाय तिच्या अंगावर आपटला, बघताना अजूनही पोटात गोळा येतो!! शेवटी २६ नोव्हेंबर १९९२ ला कावासाकीत आजानेच तिच्याकडून बेल्ट घेतला. आजाचे वडील अमेरिकन कृष्णवर्णीय, आई जपानी, आणि तीच जपानची चॅम्पियन. केवढी मोठी गोष्ट आहे यार. मार्च १९९५ मध्ये मानामी टोयोटाने आजाला हरवून तो बेल्ट घेतला.

२००५ मध्ये कंपनी बंद झाली आणि पुढे बेल्टही थांबला. २०११ पासून स्टारडम या जपानी बायकांच्या रेसलिंग कंपनीचा मेन बेल्टही लालच आहे, तो बघायला घ्या, पण आधी बुल-आजा बघाच.