डिस्क घासते म्हणून तार ढिली करू नका

सायकलचा डिस्क ब्रेक घासायला लागला की आमच्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: तार ढिली करायची. आवाज थांबतो, पोरगं खूश होऊन निघून जातं. पण ब्रेकचा दांडा आता पार मुठीला टेकतो, हे त्याला कळतं कन्नड घाटाच्या उतारावर. चाळीसगावात सायकल काढली की एक तर पाटणादेवी, नाहीतर घाट. अशा गावात ब्रेक कमी करून आवाज बंद करणं मला अजिबात मान्य नाही.

गल्लीतली पोरं माझ्याकडे सायकली आणतात. "मामा, सायकल भलती जड चाली राह्यनी." मी लगेच पाना उचलत नाही. चाक अधांतरी धरून फिरवायचं आणि कान द्यायचा. सलग सर्रर्र आवाज येत असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा ब्रेकचा भाग, डिस्कच्या मधोमध नाही. दर फेऱ्याला एकाच जागी सुक् होत असेल तर डिस्क वाकलेली आहे, किंवा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, खेळ आलाय. टायर धरून आडवं हलवून बघा. टकटक जाणवली तर आधी बेअरिंगचं काम करून घ्या, ब्रेकला हात नंतर.

सलग आवाजाचं कारण बऱ्याचदा ब्रेकमध्ये नसतंच. आपल्याकडे बांधाबांधाला बाभळी, त्यामुळे पंक्चर रोजचंच. पंक्चर काढून चाक परत बसवताना ते किंचित तिरपं बसतं आणि डिस्क एका पॅडला टेकते. सायकल उलटी न करता चाकांवर सरळ उभी करा, क्विक रिलीज, म्हणजे चाक घट्ट धरणारी खटक्याची दांडी, सोडा, हँडलवर वरून भार द्या म्हणजे ॲक्सल (चाकाचा आस) खाचेत पूर्ण बसेल, आणि मग आवळा. पुष्कळ सायकली एवढ्यावरच गप्प होतात.

नाही झाली तर कॅलिपर. पाच नंबरची एलन-की लागते. कॅलिपरला फ्रेमशी धरणारे दोन बोल्ट फक्त एवढे सैल करा की तो हाताने हलेल. यापुढचं मात्र ब्रेक कोणत्या जातीचा आहे त्यावर आहे. तारेच्या बहुतेक ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो डिस्कला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून डिस्क आतल्या पॅडच्या अगदी जवळ हवी, पण टेकलेली नको. मी व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून आतल्या पॅड आणि डिस्कच्या मध्ये सरकवतो, ब्रेक दाबून धरतो आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळतो. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर फिरतो आणि मेहनत वाया जाते. पट्टी काढली की तेवढी फट उरते. आतल्या पॅडचा स्वतःचा स्क्रू चाकाच्या आऱ्यांच्या (स्पोकच्या) बाजूने असतो. पॅड झिजल्यावर तो आत घ्यायचा. तारेनेच सगळी झीज भरून काढली की ब्रेक बिघडत जातो.

हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये, दोन्ही पॅड हलतात, तिथे पट्टी लागत नाही. बोल्ट सैल, दांडा दाबलेला, बोल्ट घट्ट, झालं. चाक काढलेलं असताना मात्र दांडा दाबायचा नाही. पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जाता जात नाही.

फट बघायला उजेड लागतो. सकाळी ओट्यावर सायकल उभी करून कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा. दोन बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत.

वाकलेली डिस्क सरळ करता येते, पण घाई चालत नाही. कुठे वाकलीय तिथे खडूची खूण करा. स्वच्छ पुसलेला स्क्रू पाना लावून अगदी हलका दाब द्या, फिरवून बघा, परत द्या. डिस्क बहुतेक वाकते ती प्रवासात. पिकअपमध्ये चाक काढून टाकताना डिस्कची बाजू वर ठेवा, वर गोणी येऊ देऊ नका.

घाट उतरून आल्यावर येणारी टिंगटिंग वेगळी. तापलेलं पोलाद प्रसरण पावतं, डिस्क तात्पुरती वाकडी होते. गार झाली की बहुधा पूर्ववत होते. तेव्हा पाना लावू नका, आणि बाटलीतलं पाणी तर मुळीच ओतू नका.

पावसाळ्यात कपाशीच्या रानातून आलात की काळी माती कॅलिपरमध्ये घट्ट बसते. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारणारे बघितले की जीव कासावीस होतो. पॅड ते तेल पितो आणि ब्रेक धरत नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. डिस्कला बोटही लावू नका.

एवढं करताना पॅड काढून बघाच. शिमानो कंपनीच्या डिस्कवर झिजेची मर्यादा कोरलेली असते, १.५ मिमी, नवी १.८ची असते. पॅडवरचा थर ०.५ मिमीवर आला की नवा घ्या. दुकानात जाताना जुना पॅड खिशात न्या, कारण आकार अनेक आहेत आणि नुसतं सायकलचं नाव सांगून नेमका पॅड मिळत नाही.