दम्याची चौकट आणि १२ अंशांचे पाणी : माझा अनुभव

थंड पाण्यात पोहण्याची सवय करायला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ त्या पाण्यात उतरण्याची परवानगी मिळवण्यात गेला, आणि त्याचा राग अजून पुरता निवळलेला नाही. इंग्लंडमध्ये राहून पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या आणि लहानपणापासून दमा असलेल्या कोणालाही हे हेलपाटे टाळता यावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी शर्यत जूनमध्ये होती आणि अंतर ऑलिम्पिक होते : १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. सायकल आणि धावणे यांबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. पोहण्याचीही मला धास्ती नव्हती, कारण मी सांगलीची आहे. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले आणि पुराच्या दिवसांत आयर्विन पुलावरून उड्या टाकणारी मुले पाहतच मोठी झाले. परंतु कृष्णेचे पाणी असे बोचत नाही. यॉर्कशरमधील तलावाचे पाणी मे महिन्यात १२-१३ अंशांवर असते, आणि १५ अंशांखालचे पाणी येथे थंड पाणी मानले जाते. अशा पाण्यात अचानक उतरल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो, छाती धडधडू लागते आणि काही काळ श्वासावर आपला ताबाच राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो, त्यामुळे शर्यतीआधी तलावात सराव करणे मला आवश्यक वाटत होते.

आमच्या जवळचा तलाव म्हणजे खडीची जुनी खाण पाण्याने भरून तयार झालेली जागा. तेथे प्रथम येणाऱ्याला ओळखसत्र सक्तीचे आहे आणि त्यासाठी आधी आरोग्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात ‘दमा आहे किंवा होता का’ या प्रश्नापुढील चौकटीत मी खूण केली आणि अर्ज तेथेच अडकला. डॉक्टरांचे पत्र जोडल्याशिवाय पुढचे पान उघडेचना. ‘नाही म्हणून टाक, कोण बघतंय,’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. तो सल्ला मला मुळीच मान्य नव्हता आणि आजही नाही. थंड हवा आणि थंड पाणी यांमुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसू शकतात, आणि पाण्यावरच्या जीवरक्षकाला ते ठाऊक नसेल तर कमरेला बांधून मागे तरंगत ठेवायच्या नारिंगी फुग्यातल्या निळ्या, म्हणजे तातडीने आराम देणाऱ्या, इनहेलरचा उपयोग काय?

मग सुरू झाली टोलवाटोलवी. दवाखान्याचा फोन सकाळी आठला सुरू होतो आणि आठ वाजून एक मिनिटाने आपण रांगेत बरेच मागे असतो. स्वागतकक्षातील बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितले की असे पत्र सरकारी आरोग्यसेवेत बसत नाही, त्यासाठी वेगळे शुल्क पडते, काही आठवडे लागतात आणि ते देणे डॉक्टरांवर बंधनकारकही नाही. शुल्क भरले, वाट पाहिली, आणि उत्तर आले की एखादी व्यक्ती थंड पाण्यात पोहण्यास योग्य आहे असे प्रमाणित करणे डॉक्टरांना शक्य नाही. डॉक्टरांची बाजू मला समजते. ज्या तलावाला त्यांनी पाहिलेले नाही त्याची हमी त्यांनी का द्यावी? तलावाच्या कार्यालयाला मात्र ‘योग्य’ हाच शब्द हवा होता, आणि माझ्या प्रत्येक ईमेलला तोच ठरावीक मजकूर परत येत होता. तलाठ्याने मंडल अधिकाऱ्याकडे पाठवावे आणि मंडल अधिकाऱ्याने पुन्हा तलाठ्याकडे, तसा सगळा प्रकार चालला होता. दरम्यान ओळखसत्राच्या शनिवारच्या जागा भरत होत्या आणि जून जवळ येत होता.

गुंता सुटला तो दम्याच्या वार्षिक तपासणीमुळे. ही तपासणी परिचारिका करते, त्यासाठी शुल्क नसते आणि वेळही तुलनेने लवकर मिळते. परिचारिकेने नळीत फुंकायला लावून श्वासाचा जोर मोजला, रात्री खोकला येतो का, निळा इनहेलर किती वेळा लागतो, असे विचारले आणि दमा नियंत्रणात असल्याची नोंद केली. ती नोंद मला आरोग्यसेवेच्या ॲपमध्ये दिसली, तिची छापील प्रत घेऊन मी थेट तलावावर जाऊन व्यवस्थापकासमोर उभी राहिले. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, ‘आम्हाला एवढेच हवे असते.’ मग अर्जावर तसे लिहिले का नाही, हे विचारण्याइतका संयम माझ्यात उरला नव्हता.

या रखडपट्टीत घरच्या बाथटबने साथ दिली. पोर्टस्मथ विद्यापीठातील माइक टिप्टन यांच्या संशोधनानुसार थंड पाण्यात सुमारे तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडींनीही तो पहिला धक्का निम्म्यापर्यंत उतरतो. वसंतात येथील नळाचे पाणी पुरेसे गार असते, बर्फाची गरज नाही. परिचारिकेला विचारून, नवऱ्याला दाराशी बसवून, मी त्यात मानेपर्यंत बसत असे आणि लांब उच्छ्वास सोडण्याखेरीज काहीही करत नसे. हे एकट्याने करू नये.

ओळखसत्र मात्र झटकन आटोपले. पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरायचे, वेटसूटचा (थंड पाण्यासाठीच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाचा) गळा बोटाने ओढून थोडे पाणी आत घ्यायचे, चेहऱ्यावर पाणी मारायचे आणि श्वास शांत होईपर्यंत नुसते तरंगायचे. पाठीच्या चेनमधून गार पाण्याची रेघ मणक्यावरून खाली सरकली तेव्हा माझा श्वास अडकला खरा, पण मिनिटभरात उच्छ्वास लांबवता आला. वेटसूटचा गळा आवळतो तो थंडीमुळे नव्हे, तर सूट अंगावर पुरेसा वर ओढलेला नसल्यामुळे. मांड्यांपासून वर सारत आणले की छातीवरचा ताण जातो. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सूट चढवला तर तो अडत नाही, आणि मानेला व्हॅसलीन लावले नाही तर दुसऱ्या दिवशी कॉलर लावता येत नाही.

निळ्या इनहेलरबद्दल शर्यतीच्या नियमांची काळजी करणाऱ्यांसाठी : त्यातील साल्बुटामॉल ठरावीक मर्यादेत, म्हणजे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या आत, उत्तेजक-विरोधी नियमांना चालते. ब्रिटनमधील नियमांनुसार पाणी १४ अंशांहून थंड असेल तर वेटसूट सक्तीचा असतो. आमच्या दिवशी ते १६ अंश होते आणि मी तो तरीही घातला.

बाहेर आल्यावर लगेच गरम शॉवरखाली जाऊ नये. शरीराचे आतले तापमान बाहेर आल्यानंतरही काही मिनिटे उतरतच राहते, म्हणून आधी ओले कपडे काढून वरून खाली कोरडे घालावेत, टोपी चढवावी, गरम काहीतरी प्यावे आणि थरथर थांबेपर्यंत गाडी चालवू नये. दम्याची तपासणी फेब्रुवारीतच उरकून तिचा कागद अर्जाला जोडावा, आणि अर्ज तरीही अडला तर ईमेल न करता तलावावर जाऊन व्यवस्थापकाला गाठावे.