डिकीच्या पट्टीने फिल्म पुन्हा झिडकारली

डिकीच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली संरक्षक फिल्म परत सुटली. गाडी दुपारभर उन्हात राहिली की दोन्ही कोपरे वर येतात, आणि एकदा खाली धूळ शिरली की ती फिल्म गेलीच म्हणायची.

आधी चांगलं ते सांगतो. गिअर कन्सोलचं पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळं प्लास्टिक, याच फिल्मने एकदाचं झाकलं! गिअरभोवतीच्या गोलाईत पडणारी घडी या वेळी पडली नाही, कारण कापायचा साचा काढायला बटर पेपर सोडून मास्किंग टेप घेतली. टेपच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवत सगळा कन्सोल झाकायचा, पेन्सिल आडवी धरून कडा उमटवायच्या, मग टेप अख्खी सोलून फिल्मच्या वरच्या बाजूला चिकटवायची. मागच्या कागदावर चिकटवलीत तर डावं-उजवं उलटतं. कापताना रेघेच्या अर्धा मिलिमीटर आत राहिलो. फटीला भिडलेली कड नखाला लागते आणि तिथूनच उचकटायला सुरुवात होते. बेबी शाम्पूचं पाणी फवारलं ते फक्त फिल्मवर, कन्सोलवर थेंबही नाही, कारण शेजारीच काचांची बटणं आहेत. उष्णता द्यायला हेअर ड्रायर पुरतो. चिरंजीवांनी लगेच त्यावर किल्ल्यांचा जुडगा भिरकावून उद्घाटन केलं. केसासारखे ओरखडे उमटले आणि उन्हात विरून गेले. टीपीयूचे, म्हणजे उष्णतेने ओरखडे आपोआप भरून येणाऱ्या या लवचिक प्लास्टिक फिल्मचे पैसे तिथेच वसूल.

आता ती डिकीची पट्टी. सायकल चढवताना पेडल नेमकं तिच्यावरच घासतं, त्यामुळे सगळीकडे पांढऱ्या रेघा. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं, कोपरे तापवून दाबले, फिल्म दाबून बसवायच्या स्क्वीजीवर अंगचं बळ लावलं. शेवटी क्लिपा काढून पट्टीच बाहेर घेतली आणि मागचा शिक्का वाचला: पीपी+ईपीडीएम-टी२०, म्हणजे पॉलिप्रोपिलीनमध्ये ईपीडीएम रबर. कन्सोलच्या मागे पीसी+एबीएस आहे, म्हणजे वेगळंच प्लास्टिक, ज्यावर गोंद नीट धरतो. खरी गोम इथे आहे. पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा मुळात कमी, गोंद त्यावर पसरतच नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा, गोळा होऊन बसतो. टी२० म्हणजे २० टक्के टाल्क. ओरखड्याची रेघ पांढरी दिसते त्याला हा टाल्कही जबाबदार. अशा प्लास्टिकवर ओरखडे कमी पडावेत म्हणून त्यात बऱ्याचदा एरुकामाइडसारखं घसरणारं द्रव्य मिसळतात, आणि ते उष्णतेत हळूहळू वर येत राहतं. माझ्या पट्टीत तेच असलं तर आज पुसून कोरडी केलेली पट्टी उद्या उन्हात परत निसरडी होणार. म्हणजे कारखान्याने ओरखड्यांसाठी केलेला बंदोबस्तच माझी फिल्म उचकटतोय! त्यात वर दाणेदार टेक्श्चर, फिल्म टेकते ती फक्त दाण्यांच्या टोकांवर.

ज्या दुकानातून मीटरवर फिल्म घेतली तिथले काका म्हणाले होते, ‘कशावरही चिकटते हो, बिनधास्त न्या.’ वर २०० मायक्रॉनची गळ्यात मारत होते. आतल्या कामाला १५०ची बरी, वळणावर ऐकते. आणि टीपीयूच्या नावाखाली पीव्हीसीही खपवतात. तुकड्यावर पितळी ब्रश घासून गरम पाणी ओता; ओरखडे जागचे हलले नाहीत तर रोल परत करा.

ॲडहिजन प्रायमर, म्हणजे गोंद धरावा म्हणून आधी लावायचा द्रव, सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो, पट्टीच्या मागच्या बाजूला लावून पाहिला. चिकटतं झकास, पण प्रायमरचा चकचकीत डाग राहतो तो कायमचा. दर्शनी भागावर मी तो लावणार नाही. पांढऱ्या रेघांवर हीट गन भरभर फिरवली तर त्या बऱ्याच बुजतात, मात्र क्षणभर जास्त थांबलात की दाणे बसतात आणि तिथे तेलकट चमक येते. हे पट्टी बाहेर काढूनच करा, गाडीत रबर बीडिंग शेजारी असताना नको.

म्हणून ठरवलं होतं की फिल्मचा नाद सोडायचा आणि डिकीच्या मॅटला वेल्क्रोने एक रबरी फ्लॅप जोडायचा. सामान चढवताना उलटून बाहेर टाकला की बंपरही वाचतो. रेक्झिनवाल्याकडे भावही विचारून आलो.

पण वरचं लिहिता लिहिता लक्षात आलं, प्रायमरचा डाग मागे पडला तर कोणाला दिसणार आहे? पट्टी तशीही बाहेरच आहे. फिल्म चारही बाजूंनी १५ मिलिमीटर जास्त कापायची, ताणून कडांवरून मागे दुमडायची आणि प्रायमर फक्त मागे, क्लिपांच्या जागा सोडून. उंबरा बाहेरच्या बाजूला फुगीर आहे, त्यामुळे ताणानेच फिल्म बसून राहील, दर्शनी भागाच्या गोंदावर भिस्त नाही. फ्लॅप तूर्त रद्द.

अडचण एकच, डिकीचं दार अडकतं त्या लॅचची खाच. तिथे वळण आत जातं, ताणलेली फिल्म तंबूसारखी उभी राहणार. दोन तुकडे करून सांधा खाचेच्या मधोमध घ्यायचा विचार आहे, लॅचच्या झाकणाखाली लपेल. कोणी असा सांधा केला असेल तर किती मिलिमीटर एकावर एक घेतलंत ते कळवा, रविवारी कापायला बसतोय.