तुम्ही विचारलंत म्हणून: मोतीबिंदू कळला कसा नाही?

माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने होऊन आता वर्ष झाले, तरी घरी येणारे पाहुणे आणि मैत्रिणी एक प्रश्न अजूनही विचारतात: घरात शिकलेली माणसे, नागपुरात डोळ्यांचे इतके डॉक्टर, मग मोतीबिंदू एवढा वाढेपर्यंत तुम्हाला कळले कसे नाही? उत्तर एका वाक्याचे आहे. मला वाटत होते की माझे डोळे सुधारत आहेत.

चाळिशी मला बेचाळिसाव्या वर्षी लागली आणि पुढची वीस वर्षे ती गळ्यात अडकवूनच मी स्वयंपाक, शिवण, वाचन सारे केले. त्रेसष्टाव्या वर्षी एका दुपारी ब्लाउजला हूक लावायला बसले, चाळिशी आतल्या खोलीत राहिली होती, आणि उठण्याआधी सहज प्रयत्न केला तर सुईच्या नेढ्यातून दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. महिन्याभरात पोथीची बारीक अक्षरेही चष्म्याविना वाचता येऊ लागली. शेजारणींनी कौतुक केले आणि मी ते श्रेय रोजच्या आवळ्याच्या रसाला दिले. प्रत्यक्षात डोळ्यातले भिंग मध्यभागी कडक आणि दाट होत चालले होते. असे झाले की भिंगाची शक्ती वाढते, उणे नंबर चढतो, त्यामुळे जवळचे स्पष्ट आणि दूरचे पुसट दिसू लागते. हे सुख काही महिने टिकते आणि मग जवळचेही जाते. म्हणून साठीनंतर कोणी आनंदाने सांगू लागले की आता चाळिशी लागत नाही, तर मी पहिल्यांदा त्यांना डॉक्टरांकडे पाठवते.

दूरचे पुसट होत होते, हे मला कळत होते. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवरचा फलक अगदी जवळ गेल्याशिवाय वाचता येत नसे. त्यासाठी मी दीड वर्षात तीनदा चष्म्याचा नंबर बदलला. ज्या दुकानात बदलला, तिथे मशीनवर नंबर काढून, नव्या काचा बसवून, पैसे घेऊन मला घरी पाठवले; नंबर इतक्या लवकर का बदलतो आहे, एकदा डोळे दाखवून या, एवढे एक वाक्य तिन्ही वेळा कोणी बोलले नाही. याचा मला आजही राग येतो.

दुसरे कारण माझ्या समजुतीत होते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यांपुढे अंधार, असे मी लहानपणापासून धरून चालले होते, कारण माझ्या आजीला शेवटी फक्त उजेड आणि सावली एवढेच कळत असे. माझ्या बाबतीत त्रास अंधाराचा नव्हता, उजेडाचा होता. संध्याकाळी वर्धा रोडवर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुलून साऱ्या रस्त्यावर पसरत असे आणि त्या पांढऱ्या फुलाच्या आड चालणारा माणूस नाहीसा होत असे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की भर दुपारी तर सगळेच धुऊन निघाल्यासारखे दिसे. प्रखर उन्हात बाहुली आकसते, मग प्रकाशाला भिंगाच्या नेमक्या गढूळ भागातूनच आत यावे लागते आणि तिथे तो विखुरतो. सावलीत बाहुली मोठी झाली की थोडे बरे दिसते. हे मला नंतर समजावून सांगण्यात आले. तेव्हा मात्र मी म्हणत होते की यंदाचे ऊनच जास्त आहे. नागपुरात या वाक्याला कोणी हरकत घेत नाही.

निदान झाल्यावरही सात-आठ महिने गेले. मोतीबिंदू पिकू द्यावा, ऑपरेशन थंडीतच करावे, असा सल्ला देणारे घरात पुष्कळ होते. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचा भुगा करून तो ओढून घेतात आणि घडी केलेले कृत्रिम भिंग आत उलगडतात, त्यामुळे पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, ऋतूचाही प्रश्न उरत नाही. उलट फार पिकलेले भिंग कडक होऊन ऑपरेशन अवघड करते आणि कधी डोळ्यातला दाबही वाढवते. मला खरी भीती वाटत होती ती डोळ्यात परकी वस्तू कायमची राहील याची. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिकच्या छताचे तुकडे शिरले होते, आणि डोळा ते तुकडे मुकाट्याने सोसतो असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. ते ऐकून मी तारीख घेतली.

उजवा डोळा आधी झाला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचे झाकण काढले, तेव्हा मी एकेक डोळा झाकून समोरची भिंत पाहिली. उजव्या डोळ्याला ती पांढरी दिसली, डाव्याला चहा सांडून वाळलेल्या कागदासारखी. तोवर दोन्ही डोळे एकमेकांची बाजू सावरत होते. पिवळे पडलेले भिंग निळा रंग अडवते, आणि हा बदल इतका सावकाश होतो की पांढरे कसे असते, हेच माणूस विसरतो.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी गच्चीत वाळत घातलेले यजमानांचे सदरे दिसले. ते सगळे निळसर होते. गेली दोन-अडीच वर्षे पांढरे कपडे मला पिवळट वाटत, म्हणून मी शेवटच्या पाण्यात नीळ वाढवत गेले होते. एका बादलीला आधी चार थेंब, मग आठ, मग अंदाजाने. तेच सदरे घालून ते लग्नकार्यांना गेले, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला गेले. मी विचारले, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दामच करून राहिली. तुला तसे आवडत असतील."

त्या संध्याकाळी मी सगळे सदरे पुन्हा नुसत्या पाण्यात भिजत घातले. तीन धुण्यांनंतर त्यांतली नीळ गेली.